पास्काला बघू

कणकेच्या गोळ्यावर जॉयसची मूठ आदळत होती, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि तिचा डावा हात आपोआप डोक्यावर गेला. कोपर पुढे, मान आत, खांदा कानाला चिकटलेला. डोळे मिटून ती तशीच उभी राहिली.

"अगं, उपास चालू हाय," इनास दारातून म्हणाला. "हात खाली घे."

आवाज अगदी मऊ. खांद्यावरचा केळीचा घड त्याने कोपऱ्यात उतरवला, मोरीत पाय धुतले आणि ओल्या पायांनी ओट्याशी येऊन उभा राहिला. जॉयसने हात खाली घेतला. हाताचा मैदा केसांना लागला होता.

"काय चाललंय?"

"शेवया करते."

"परत? कसल्या?"

"कोरियाच्या."

इनासने गोळ्याकडे पाहिलं, शेजारच्या रुंद सुरीकडे पाहिलं, मग त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या दांड्यावर गेली. कुदळीला बसवायला त्याने बाभळीचा नवा दांडा तासून आणला होता. तो पडवीतून उठून स्वयंपाकघरात आला होता, साबणाने धुऊन, वर मैदा भुरभुरून.

"हा माझा दांडा."

"लाटणं आखूड पडतं," जॉयस म्हणाली. "पोळी मोठी लाटायची असते. तुझ्या कुदळीला लावशील तेव्हा परत देते."

 मग त्याने बोटाने तिच्या केसांतला मैदा पुसला. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय माया आहे नवरा-बायकोची.

"असू दे," तो म्हणाला. "पास्काला बघू."

इग्नेशियस हे त्याचं चर्चच्या पुस्तकातलं नाव. वसईच्या पापडीत त्याला सगळे इनास म्हणतात, आणि इनास वाईट माणूस आहे असं गावात एक जण म्हणणार नाही. दारूला शिवत नाही. चर्चमध्ये मिस्साला गाताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. कोणाकडे मयत झालं की खड्डा खणायला पहिला हा हजर. वाडीतली केळी, सोनचाफा सगळं स्वतः राबून पिकवतो. घरात मात्र त्याचा हात सुटतो. भाजीत मीठ कमी पडलं, फाटक उघडं राहिलं, फोनवर बोलताना ती हसली. कारणाला काय, शोधलं की सापडतं. जॉयसचा डावा कान अशाच एका कारणात गेला. तेव्हापासून ती लोकांना आपल्या उजव्या बाजूला घेऊन बसते. दवाखान्यात तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, 'विहिरीवर पाय घसरला.' त्या विहिरीच्या पायऱ्या एवढ्या निसरड्या असत्या तर अर्धी पापडी तिच्यात बुडाली असती. पण सिस्टर ऐकून घ्यायच्या आणि टाके घालायच्या.

आता उपासाचं सांगायला हवं. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणापर्यंत जो तो काहीतरी सोडतो. कोणी दारू सोडतो, कोणी मटण, कोणाची आजी चहा सोडते आणि सगळ्या घराला वात आणते. इनास हात सोडतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या फादरने त्याला कबुलीच्या वेळी सुनावलं होतं म्हणे, की मटण काय कोणीही सोडतो, तुला जे सुटत नाही ते सोड. इनास घरी आला आणि राख लावलेल्या कपाळानेच म्हणाला, "ह्या उपासात तुला हात लावणार नाय." आणि नाही लावला. शब्दाचा पक्का माणूस. जॉयसने त्या वर्षी मारियाच्या पुतळ्यापुढे रोज मेणबत्ती लावली. तिला वाटलं, सुटले.

पास्काच्या दिवशी दुपारी पाहुणे जेवून गेले. इनासने दार लावलं, मनगटावरचं घड्याळ काढून घरातल्या आल्तारावर मारियाच्या पुतळ्याच्या पायाशी ठेवलं, आणि उपासभर जे राहिलं होतं ते एका संध्याकाळीत पुरं केलं. फादरने उपासापुरतंच सांगितलं होतं ना.

तेव्हापासून ही रीतच पडली. उपासात काही चुकलं की तो आवाज चढवत नाही. गोड हसतो आणि म्हणतो, पास्काला बघू. आणि विसरत काही नाही. गावातल्या बायका पास्काची वाट बघतात, नवी साडी, आंबट-तिखट इंद्याल, तळलेले फुगे, नातवंडं. जॉयस राखेच्या बुधवारपासूनच दिवस मोजायला लागते. त्यांची एकुलती एक मुलगी स्टेफी पुण्याला नोकरी करते. सगळ्यांची पोरं सणाला घरी येतात. स्टेफी उपासात येते आणि सणाच्या आधी जाते.

तरीपण उपासाचे ते दिवस जॉयसचे होते. वर्षातले तेवढेच. त्या दिवसांत तिला काही ना काही शिकायची हौस यायची. एका वर्षी ती स्कूटर शिकली. एका वर्षी ब्लाउज बेतायला शिकली. या वर्षी नूडल्स आले, ते सातिवलीहून.

सातिवलीला एका कारखान्यात ती पॅकिंगला आहे. सुऱ्या, चमचे, डाव, झारे. सुरीची धार तपासायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात भरायची. डिस्पॅचला उन्नती नावाची मुलगी आहे, चोवीस-पंचवीसची, वसई पूर्वेला आईवडिलांबरोबर फ्लॅटमध्ये राहते, मूळची देवगडकडची. कोरियन मालिकांचं वेड. एका दुपारी तिने डब्यात लालभडक नूडल्स आणले.

"आंटी, ट्राय करा. पण स्पायसी आहे हां, नंतर बोलू नका."

"मला तिखटाचं सांगतेस होय?" जॉयस म्हणाली. "आमच्या बाटली मसाल्यावर वाढलेय मी."

पहिला घास गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला जॉयसच्या नाकातून, डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हसत सुटली. इतकी मोठ्याने, की पलीकडच्या मशीनवरचा माणूस वळून बघायला लागला. ती लगेच गप्प झाली. हसली की मागून काहीतरी येतं, हे शरीराला पाठ झालं होतं.

"आणि असं चावून-चावून नाही खायचं," उन्नती म्हणाली. "ओढायचं. सुर्र आवाज आला पाहिजे. तिकडे आवाज केला म्हणजे जेवण आवडलं."

"आमच्याकडे आवाज केला तर ताट उडतं," जॉयस म्हणाली. उन्नतीला तो विनोद वाटला.

मग उन्नतीने फोनवर एक व्हिडिओ लावला. कोरियातली कुणी म्हातारी बाई, जमिनीवर बसून भली मोठी पोळी लाटत होती, लांब दांड्याने. पोळीच्या घड्या घातल्या आणि सुरीने बारीक बारीक कापत गेली. मग त्या शेवया मोकळ्या केल्या आणि उकळत्या रश्शात सोडल्या. रश्शात कसलेसे शिंपले होते.

"ह्याला कालगुक्सू म्हणतात. काल म्हणजे सुरी. सुरीचे नूडल्स."

जॉयसने फोन डोळ्यांजवळ धरला. "अगं पोरी, ह्या तर तिसऱ्या. ह्या आमच्या बाजारात मिळतात."

शिवाय तिसऱ्या म्हणजे मटण नव्हे. उपासाच्या शुक्रवारी चालतात. झालं, ठरलं. मुठीला चरा पडला म्हणून बाजूला काढलेली एक रुंद सुरी तिने सुपरवायझरला विचारून घरी नेली. बाजारातल्या कोळणीने तिसऱ्या पिशवीत टाकताना सांगितलं, "मिठाच्या पान्यात ठेव रातभर. वाळू सोडतील."

पहिल्या दिवशी फजिती झाली. जन्मभर तांदळाच्या भाकऱ्या केलेली बाई. पीठ म्हटलं की हाताने आपोआप पाणी उकळायला ठेवलं. मैद्यावर कढत पाणी ओतून तिने छान उकड काढली, मऊसूत मळली, लाटली, कापली, आणि रश्शात सोडल्यावर सगळ्याची खळ झाली. इनासने ताटलीत बघितलं आणि म्हणाला, "पोस्टर चिकटवायचेत काय?" आणि नंतर तेच, पास्काला बघू.

दुसऱ्या दिवशी उन्नती पोट धरून हसली. "गरम पाणी? आंटी, थंड पाणी. आणि एकदम घट्ट. मग आपटायचं, मारायचं. तिकडे पिशवीत घालून पायाने तुडवतात."

"मारायचं?"

"मग. जितकं मारलं तितकं चिवट होतं."

जॉयसने त्या संध्याकाळी घट्ट गोळा केला. सुरुवातीला ती नुसती बोटांनी दाबत होती. मग तळव्याने. मग तिने मूठ वळली आणि गोळ्यात घातली. ओटा हादरला, वरच्या फळीवरचे डबे वाजले. तिने पुन्हा मारलं. इतक्या वर्षांत तिने कोणाला चापट मारली नव्हती, स्टेफीलासुद्धा नाही, आणि आता हात थांबेना. खोटं कशाला बोला, तिला गोड वाटलं. दंड भरून आला, कपाळावर घाम आला, आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला जो तिने आधी ऐकला नव्हता. कणीक तिंबणे म्हणतात ते हे, असं तिच्या मनात आलं. आजवर ती तिंबली गेली होती, एवढंच.

त्या शेवया जमल्या. जाड-बारीक होत्या, पण तोंडात टच्च लागल्या. सुकटीचं पाणी, त्यात लसूण, बटाटा, वर तोंड उघडलेल्या तिसऱ्या. तिने एकटीने ओट्याशी उभं राहून खाल्लं. आवाज मात्र काढला नाही.

मग तिला नादच लागला. एका दिवशी गार शेवया, कोरियावाल्यांचा तो लाल लगदा मिळेना म्हणून बाटली मसाला, गूळ आणि व्हिनेगर कालवून. एका दिवशी रताळ्याच्या पिठाचे काचेसारखे नूडल्स, उन्नतीने कुठूनसे आणून दिलेले, पालक-गाजराबरोबर परतून. रोज संध्याकाळी गोळा आणि मूठ. डबे रोज वाजायचे. शेजारच्या क्लाराने कुंपणावरून विचारलं, "काय कुटतेस गे एवढं?" जॉयसच्या घरातून येणारे आवाज क्लाराने इतक्या वर्षांत कितीदा ऐकले होते. विचारलं ते पहिल्यांदाच.

स्टेफी आली ती पास्काच्या आदल्या, पाम रविवारच्या आठवड्यात. वाडगा पुढे घेऊन बसली, पहिला घास ओढला आणि सुर्र असा आवाज आला. दोघींनी एकदम दाराकडे बघितलं. इनास वाडीत होता. मग स्टेफीने परत ओढलं, मुद्दाम, मोठ्याने, आणि मायलेकी हसून हसून ओट्याला टेकल्या.

"मम्मी, तिकडे टेबलावर कात्री ठेवतात माहितीये? शेवया लांब झाल्या की वाडग्यातच कापायच्या. लहान मुलांना, म्हाताऱ्यांना."

"कात्री? जेवणात?" जॉयसने शिलाईची कात्री धुऊन आणली आणि लेकीच्या वाडग्यात घातली. स्टेफी चाळीस किलोमीटर पळाल्यासारखी धाप लागेपर्यंत हसली.

गुरुवारी सकाळी स्टेफीने बॅग भरली. फाटकाशी थांबली. "मम्मी, चल माझ्याबरोबर. आत्ता. आहेस तशी."

"तिसऱ्या पाण्यात घातल्यात," जॉयस म्हणाली. "वाया जातील."

स्टेफीने बॅग उचलली. रिक्षात बसल्यावर तिने मागे वळून बघितलं नाही, आणि जॉयसला ते बरं वाटलं, कारण तिला रडू येत होतं. तिसऱ्यांसाठी कोणी मार खायला थांबतं का? पण घर सोडायचं म्हणजे कुठल्या चुलीपुढे उभं राहायचं, हे तिला उमजत नव्हतं. चूल तिची होती. ती का सोडायची?

गुड फ्रायडेला चर्चच्या मैदानात दरवर्षी प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक होतं. क्लाराचा मुलगा ॲलिस्टर येशू व्हायचा, दाढी वाढवून. आणि इनास गेली कित्येक वर्षं चाबूक मारणारा रोमन शिपाई. लाल फडकं, पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, हातात काथ्याचा काळा रंगवलेला दोर. चाबूक खांबावर आपटायचा आणि ॲलिस्टरने कळवळायचं, असं ठरलेलं. लोकांना इनासचं काम फार आवडायचं. 'काय मारतो, खरं वाटतं,' म्हणायचे.

या वर्षी पहिला फटका खांबावर बसला. दुसरा ॲलिस्टरच्या पाठीवर. तिसराही. जॉयस पुढच्या रांगेत बसली होती. तिला इनासचं तोंड दिसत होतं. दात आवळलेले, डोळे कुठेतरी आत गेलेले. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. उपासभर दाबून ठेवलेला हात होता तो, आज त्याला लोकांसमोर वाट मिळाली होती. चौथ्या फटक्याला ॲलिस्टर ओरडला तो संवाद नव्हता. मागे बायका हुंदके देत होत्या. सूत्रधाराने पुढचं स्तोत्र घाईने सुरू केलं तेव्हा कुठे हात थांबला.

"किती खरं वाटतं गे," शेजारी बसलेली क्लारा डोळे पुसत म्हणाली.

"खरंच मारतोय तो, क्लारा," जॉयस म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर आलं. "पोराची पाठ बघ. माझी बघितली नाहीस कधी, त्याची तरी बघ."

क्लाराची रोझरीची माळ बोटांत थांबली. "आजच्या दिवशी असं बोलू नये," ती म्हणाली, आणि तिने खुर्ची जरा सरकवून घेतली.

संध्याकाळी इनास पेज प्यायला बसला. भूक चांगली लागली होती त्याला. वाटी रिकामी करून त्याने तोंड पुसलं.

"क्लाराला काय सांगितलंस?"

जॉयसने त्याची वाटी उचलून मोरीत ठेवली.

"ती आली होती मला सांगायला. म्हणाली, बायकोला सांभाळ, तिचं मन ठिकाणावर नाय." तो हसला. "पास्काला बघू, जॉयस. ह्या वेळी पुष्कळ झालंय."

पास्काच्या दिवशी सकाळी मिस्सा झाली. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. दुपारी क्लारा आणि ॲलिस्टर जेवायला आले. इंद्याल होतं, फुगे होते, मुगाची उसळही होती. ॲलिस्टर खुर्चीला पाठ न टेकवता बसला होता. "अंकलचा हात जड आहे," तो हसून म्हणाला, आणि इनास पण हसला आणि त्याच्या ताटात आणखी मांस वाढलं. जॉयस सगळ्यांना वाढत होती. स्वतः जेवली नाही. दुपारीच तिने घट्ट गोळा भिजवून फडक्याखाली झाकून ठेवला होता. दरवर्षी पाहुणे गेले की ती भांडी घासत वाट बघायची. या वर्षी तिने ठरवलं होतं की जे यायचं ते येईल, पण त्याआधी मी माझ्या हातचं गरम जेवीन, आणि आवाज करून जेवीन. एवढंच. याहून मोठं काही तिच्या मनात नव्हतं.

क्लारा जाताना दारात घुटमळली. जॉयसकडे तिने बघितलं, मग चपला घालून कुंपणाकडे चालू लागली.

इनासने दार लावलं. घड्याळ काढलं. आल्तारावर ठेवलं.

जॉयसने पोळी लाटायला घेतली होती. ओटाभर पसरलेली, पातळ, एकसारखी, आजवरची सगळ्यांत चांगली. चुलीवर सुकटीचं पाणी उकळत होतं, तिसऱ्यांची तोंडं टक टक उघडत होती.

"आधी जेवून घेऊ दे मला," ती म्हणाली.

"आधी ते. मग जेव." तो शांतपणे जवळ आला. "दांडा घेतलास. ही कोरियाची घाण माझ्या घरात रांधलीस. आणि माझ्या बायकोने लोकांत माझं नाव घेतलं."

पहिला तडाखा त्याच जुन्या कानावर बसला. त्या कानाने आता ऐकू येत नाही, नुसतं दुखतं. दुसऱ्याला तिचं डोकं फळीवर आपटलं आणि मैद्याचा डबा खाली आला. पांढऱ्या धुरळ्यात तिला त्याचे पाय दिसले. तिसरा पाठीत. ती खाली बसली नाही. दरवर्षी ती याच्या आधीच खाली बसायची, म्हणजे लवकर संपायचं. या वर्षी तिने ओट्याची कड धरून ठेवली, म्हणून त्याला राग आला असावा. त्याने हात लांबवून ओट्यावरची पोळी ओढली, गोळा करून जमिनीवर टाकली आणि पोळीवर पाय दिला.

जॉयसने त्या पोळीकडे बघितलं. वर त्याच्या पायाचा ठसा उमटला होता, पाचही बोटं.

तिने दांडा कधी उचलला ते तिलाही कळलं नाही. त्याचा उजवा हात पुन्हा वर गेला होता, आणि दांडा त्यावर आडवा आला. उपासभर रोज संध्याकाळी तयार झालेला दंड होता तो. आवाज झाला, ओली काठी मोडल्यासारखा नव्हे, सुकी मोडल्यासारखा. इनास ओरडला नाही. त्याने आपल्या मनगटाकडे बघितलं, ते भलतीकडेच वळलं होतं.

"तू मला मारलंस?" तो म्हणाला. त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

तिने पुन्हा मारलं, खांद्यावर. मग मांडीवर. तो भिंतीला घसरत खाली बसला. तिने दांडा परत उचलला, आणि तिला जाणवलं की तिचे दात आवळलेले आहेत, अगदी तसेच. परवाच्या मैदानातल्यासारखे. तिने दांडा खाली टेकवला.

"उपास सुटला, इनास," ती धापा टाकत म्हणाली. "माझा पण."

मग तिने काय केलं, ते ऐकून तुम्ही तिला वाईट म्हणाल, म्हणा. तिने हात धुतले. फडक्याखाली अर्धा गोळा शिल्लक होता, तो लाटला. दांड्यानेच. घड्या घातल्या, सुरीने कापल्या. शेवया वाकड्यातिकड्या झाल्या. अर्ध्या मैदा लावून बाजूला ठेवल्या, अर्ध्या रश्शात सोडल्या. वाडगा भरून ती त्याच्या खुर्चीत बसली, आणि जमिनीवर तो हात धरून कण्हत असताना ती जेवली. सुर्र करून. दर घासाला. ओठ फुटला होता, तिखट झोंबत होतं. वाडगा पुसून काढला आणि मग रिक्षा बोलावली.

दवाखान्यात सणाच्या दिवशी एकच डॉक्टर होता, नवीन. आणि त्या जुन्या सिस्टर.

"कसं झालं?" डॉक्टरने विचारलं.

इनासने खाली बघितलं. "विहिरीवर पाय घसरला," तो म्हणाला.

सिस्टरने मान वर केली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग जॉयसच्या फुटलेल्या ओठाकडे, सुजलेल्या कानाकडे, केसांतल्या मैद्याकडे.  त्यांनी कापूस ओला केला आणि आधी जॉयसचा ओठ पुसला.

घरी परतले तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. कुंपणापलीकडे क्लारा अंगणात उभी होती. प्लास्टर बघून ती आत गेली. जॉयसने जमिनीवरचा मैदा झाडून घेतला, तुडवलेली पोळी उचलून कोंबड्यांना टाकली. स्टेफीला फोन लावला, पण उचलल्यावर काय सांगायचं ते सुचेना. "जेवलीस?" एवढंच विचारलं. मग ती म्हणाली, "पुढच्या सणाला ये. थांब सणाला." पलीकडून रडण्याचा आवाज आला.

दुपारचं जेवण केव्हाच जिरलं होतं. इनासला भूक लागली होती, पण तो मागत नव्हता. जॉयसने बाजूला ठेवलेल्या शेवया उकळून वाडग्यात घातल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. डाव्या हातात काटा दिला. तो काटा घुसवायचा, उचलायचा, आणि तोंडापर्यंत येता येता शेवया घसरून परत रश्शात पडायच्या. त्याच्या शर्टावर शिंतोडे उडाले. तिने बराच वेळ बघितलं. भरवायला ती गेली नाही.

मग तिला आठवलं. शिवणाच्या डब्यातून तिने कात्री काढली, नळाखाली धुतली आणि त्याच्या बाजूने येऊन वाडग्यावर हात वर केला.

काटा खाली पडला. इनासचा डावा हात डोक्यावर गेला होता. कोपर पुढे, मान आत, खांदा कानाला चिकटलेला. डोळे घट्ट मिटलेले.

जॉयस कात्री धरून उभी राहिली. या क्षणाची तिने किती पास्कांना वाट बघितली असेल. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. बरं वाटलं नाही. 

"शेवया कापते," ती म्हणाली. "हात खाली घे."

तिने वाडग्यात कात्री घातली आणि लहान मुलाला कापून देतात तशा बारीक कापल्या, चमचा आणून ठेवला. मग ती ओट्याकडे वळली आणि दांडा धुऊन पडवीत नेऊन ठेवला. परत आली तरी त्याचा हात वरच होता.